टीचभर डबा, वीतभर डबा

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. मी कुडाळचा, वय ३६. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतले आम्ही सात जण मॉडेल रेल्वेचा छंद करतो आणि महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. चौघांचं एचओ स्केल (गाड्या खऱ्याच्या ८७व्या हिश्श्याच्या), तिघांचं एन (१६०व्या हिश्श्याच्या). माझं एन आहे, कारण घर दोन खोल्यांचं, लेआउट, म्हणजे रूळ आणि देखावा मांडलेली फळी, पलंगाखाली सरकवावा लागतो. यंदा वाडीच्या सार्वजनिक गणपतीपुढे सगळ्यांनी मिळून रेल्वेचा देखावा करायचा ठरलं. पहिल्याच बैठकीत आमच्यातले ज्येष्ठ, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते म्हणाले, "टीचभर डब्यांची ती खेळणी बाजूला ठेवा, लोकांना काही दिसलं पाहिजे." मीही चिडून बोललो, "तुमच्या गाडीला चार डबे, तिला काय कोकणकन्या म्हणायचं?" तेव्हापासून बोलणं बंद आहे. मी एचओ घ्यावं, की गट सोडावा?

उत्तर : दोन्ही करू नका. पण आधी माझी एक गोष्ट ऐका, कारण आबांच्या जागी मी बसून आलो आहे.

माझं एचओ. रत्नागिरीत ३० वर्षं मुलांना चित्रकला शिकवली आणि पडवीच्या भिंतीला लागून साडेतीन मीटरचं टेबल उभं केलं. मनात एकच होतं, कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल करायचा. तुम्ही त्यावरून कितीदा गेला असाल. ६४ मीटर उंच, ४२४ मीटर लांब. एचओ म्हणजे १:८७. भागून बघा, पूल जवळजवळ ४ मीटर ८७ सेंटीमीटर होतो. माझं टेबल तिथेच संपलं. मी पुलाचे गाळे कमी केले, उंची राखली आणि कुणी विचारलंच तर "पानवलसारखा" म्हणायचो.

तेव्हा आमच्याकडे खेडचा एक मुलगा यायचा, इंजिनिअरिंगला होता. तो एनवाला, १:१६०. एका रविवारी आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून तीन तुकडे घेऊन आला आणि माजघरात सतरंजीवर जोडले. पानवलचा अख्खा पूल, एकही गाळा न गाळलेला. २ मीटर ६५ सेंटीमीटर लांब, ४० सेंटीमीटर उंच. खांब माउंटबोर्डचे, म्हणजे जाड पुठ्ठ्याचे, वर निमुळते होत गेलेले. त्यावर त्याने १६ डबे सोडले. एलएचबी, म्हणजे आपल्याकडच्या नव्या पद्धतीचा प्रवासी डबा साधारण २४ मीटरचा, एनमध्ये तो १५ सेंटीमीटर होतो, म्हणजे अंगठा आणि तर्जनी ताणली की होते ती टीच. आबांचा शब्द मापाला अगदी बरोबर आहे! सोळावा डबा पुलावर चढला तेव्हाही इंजिन पलीकडच्या टोकाला पोचलं नव्हतं. खऱ्या पुलावरही १६ डब्यांची गाडी अशीच अख्खी मावते. मी ते बघितलं, मला ते कळलं, आणि तरी चार माणसांसमोर म्हणालो, "खेळणं छान जमलंय."

त्याने काही उत्तर दिलं नाही. डबे एकेक करून चिमट्याने उचलले, पूल पुन्हा लुगड्यात गुंडाळला. जाताना वाकून नमस्कार केला. पुन्हा आला नाही. मला जे आयुष्यभर करायचं होतं ते त्याने करून दाखवलं होतं, आणि ते मला सोसलं नाही. दोन वर्षांनी मी खेडला त्याच्या घरी गेलो आणि हे असंच्या असं त्याला सांगितलं. त्याच्या आईने घावने केले होते. त्याने माळ्यावरून पूल काढला. मी टेबलाशी हनुवटी टेकवून गाडी जाताना बघत बसलो.

म्हणून सांगतो, आबांनी एचओ का धरलं ते त्यांना विचारा. एचओत माणूस दोन सेंटीमीटरचा होतो. एवढ्या माणसाच्या हातात हिरवा झेंडा देता येतो, इंजिनाच्या कठड्याला तांब्याची तार वाकवून लावता येते, डब्यावरची पाटी रंगवता येते. एनमध्ये माणूस जेमतेम सेंटीमीटरभर. तिथे झेंडा गेला, पण डोंगर आला, खाडी आली, अख्खी गाडी आली. कुणाला इंजिनाच्या दारापाशी उभं राहायचं असतं, कुणाला समोरच्या डोंगरावरून गाडी बघायची असते. आबांचे डोळे कसे आहेत, बोटं थरथरतात का, हेही बघा. साठीनंतर एनचा डबा रुळावर चढवणं सोपं नाही, आणि आपल्याकडची मोठी माणसं ते तोंडाने सांगत नाहीत.

"खरी" गाडी कुणाची, या वादात तर कुणीच पडू नये. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. बाजारात मिळणारे रूळ १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवरून काढलेले, एचओला १६.५ आणि एनला ९. आपल्या हिशेबाने एचओला १९.३ हवेत आणि एनला साडेदहा. म्हणजे आबांची गाडीही अरुंद रुळावर धावते आणि तुमचीही, दोन्ही सारख्याच प्रमाणात अरुंद. इंग्लंडमध्ये तर गाड्या मुळात अंगाने लहान, एचओच्या मापाच्या इंजिनात तेव्हाची मोटर मावेना. म्हणून तिथल्या लोकांनी रूळ १६.५चाच ठेवला आणि गाडी १:७६ची केली. तेच ओओ स्केल. गाडी एका मापाची, रूळ दुसऱ्या मापाचा, आणि पिढ्यानपिढ्या माणसं त्यावर जीव टाकत आली आहेत.

आता देखावा. तुमच्या सात जणांत दोन स्केल आहेत ते बरंच झालं, कारण गणपतीपुढे जवळचं-लांबचं दाखवायचं तर दोन्ही लागतात. पुढे, लोकांच्या कमरेच्या उंचीला, आबांचं एचओ. कुडाळ स्टेशनचा फलाट, चिऱ्याचा कठडा, भजीवाला, चाकरमानी उतरतायत, कुणाच्या डोक्यावर ट्रंक. मागे हातभर अंतर सोडून आणि हातभर वर, डोंगराच्या कडेने तुमचं एन. एनची गाडी एचओच्या निम्म्याहून किंचित मोठी दिसते, त्यामुळे बघणाऱ्याला ती दुसरी गाडी वाटत नाही, लांबची वाटते. दोघांच्या मध्ये झाडी घट्ट लावा. एचओचा माणूस आणि एनचा डबा एका नजरेत शेजारी येता कामा नयेत, आले की भ्रम गेला. मागच्या झाडांचा हिरवा थोडा निळसर, फिका ठेवा, आपले डोंगर पावसानंतर लांबून दिसतात तसा. विजेचं सांगायचं तर एचओ काय, एन काय, साधारण १२ व्होल्ट डीसीवरच चालतं, पण कंट्रोलर वेगवेगळे ठेवा. कुणी एनहूनही लहान असं झेड स्केल आणलं, तर त्याला एवढे व्होल्ट देऊ नका, ते नाजूक असतं. वेळ अशी साधा की पुढची गाडी फलाटावर थांबली की मागची बोगद्यातून बाहेर पडेल. मुलं ओरडतील.

हे आबांना सांगायला एकटे जा, गटासमोर नको. आधी तुमचं चार डब्यांचं बोलणं मागे घ्या. ते बोलणं तुमचं होतं, आणि तेही टोचणारंच होतं. मग म्हणा, "आबा, पुढचं स्टेशन तुम्हीच करायचं, मागचा डोंगर मी करतो." त्यांचं इंजिन हातात मागू नका. टेबलावर ठेवू दे, तुम्ही वाकून बघा. त्यांनी ज्या तारेवर सगळ्यात जास्त वेळ घालवला असेल, ती ते स्वतःच दाखवतील.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना आणि नऊ वर्षांच्या मुलीला मिळून एक रेल्वे सेट घ्यायचा आहे. नणंद म्हणते एन घे, जागा वाचेल. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. घर दापोलीजवळ, समुद्र दिसतो इतक्या अंतरावर. काय घेऊ?

उत्तर : ताई, एचओ घ्या. नणंदबाई जागेचं बोलतात ते खरं आहे, पण तुमच्या घरात आजोबांचे डोळे आणि नातीची बोटं यांचा विचार आधी. घसरलेला डबा दोघांनाही मदतीशिवाय रुळावर ठेवता आला पाहिजे. मुलगी मोठी झाली आणि तिला डोंगर करावेसे वाटले, तर ती आपणहून एनकडे जाईल, तेव्हा जाऊ द्या. खाऱ्या हवेत पितळी रूळ लवकर काळे पडतात आणि गाडी अडखळते, म्हणून निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे रूळ मागा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सुती फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसायचे. ते पुसणं आजोबांकडे द्या, आणि पुसून झाल्यावर पहिली गाडी सोडायचा मान नातीला.