नखं कापण्याआधी पंजा हातात द्यायला शिकवा

कुत्र्याचं पिल्लू नखं कापू देत नाही म्हणून दोघांनी मिळून त्याला दाबून धरू नका. एकदा तसं झालं की कटर दिसताच ते पलंगाखाली पळतं.

पहिले तीन-चार दिवस कटर बाहेर काढूच नका. आधी पंजाला स्पर्श, मग लगेच मीठ-कांदा न घालता उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. क्रम हाच ठेवा. खाऊ आधी दाखवलात तर ती लाच होते. पंजा मागे ओढला तर सोडून द्या आणि पुढच्या वेळी कमी वेळ धरा. पुढची पायरी, कटर नुसता नखाला टेकवून खाऊ. मग कापा, पण टोकाचं मिलिमीटरभरच. दिवसाला एक नख झालं तरी खूप.

पांढऱ्या नखात गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडेच थांबा. काळ्या नखाचे पातळ काप घेत जा. कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की बास. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर पाच मिनिटं दाबून धरा, तरीही थांबलं नाही तर डॉक्टर गाठा.

पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचं, जरा वर असलेलं नख बघितलंत का? ते जमिनीवर घासत नाही, त्यामुळे गोल वाढून मांसात रुततं. नवखे हमखास तेच विसरतात.