वॉर्निंगने वापरणाऱ्याची ओळ दाखवायला हवी

तुमची अडचण मला समजली ती अशी: देवगडच्या बागायतदारांसाठी आंबापेट्यांचा हिशेब करणारं पायथन पॅकेज आहे. त्यातलं ‘पेटी_भाव’ हे जुनं फंक्शन बंद करायचं म्हणून आत डेप्रिकेशन वॉर्निंग, म्हणजे ‘हे पुढे बंद होणार’ अशी सूचना, टाकलीत. पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनात ती दिसते, पण ओळ तुमच्याच फाइलमधली दाखवते. बागायतदारांच्या स्क्रिप्टमध्ये तर काहीच दिसत नाही.

दोन्हींचं मूळ एकच. वॉर्निंग देणाऱ्या ‘वॉर्न’ फंक्शनला स्टॅकलेव्हल (किती पायऱ्या मागची ओळ दाखवायची तो आकडा) दिला नाही तर तो १ धरला जातो, म्हणजे जिथे ‘वॉर्न’ लिहिलंय तीच ओळ. आणि पायथन ३.७ पासून डेप्रिकेशन वॉर्निंग आपोआप दिसते ती फक्त मुख्य स्क्रिप्टच्या नावावर पडली तर. तुमची पडते पॅकेजच्या नावावर, म्हणून गाळली जाते. पायटेस्ट स्वतःचे फिल्टर लावतं, म्हणून तिथे दिसते.

स्टॅकलेव्हल २ केलात की बोलावणाऱ्याची ओळ येईल. पण तेवढ्यावर थांबू नका. ‘पेटी_भाव’वर डेकोरेटर, म्हणजे त्याला गुंडाळणारं दुसरं फंक्शन (रॅपर), असेल तर मध्ये एक फ्रेम, म्हणजे बोलावण्याची एक पायरी, वाढते आणि २ त्या रॅपरवरच अडकतो. पॅकेजमधलंच ‘हंगाम_अहवाल’सारखं दुसरं फंक्शन आतून ‘पेटी_भाव’ला बोलावत असेल तर पुन्हा तुमचीच फाइल. आकडा एका वाटेला बरोबर, दुसऱ्या वाटेला चूक, म्हणून आकडे मोजत बसणं मला मुळीच पटत नाही.

पायथन ३.१२ मध्ये ‘वॉर्न’ला ‘स्किप_फाइल_प्रिफिक्सेस’ हा नवा पर्याय आलाय. त्यात पॅकेजच्या फोल्डरचा पाथ द्या; त्या फोल्डरमधल्या सगळ्या फ्रेम ओलांडून बाहेरची पहिली ओळ पकडली जाते. पाथ ट्युपलमध्येच (कंसातल्या यादीत) द्यायचा, एकच असला तरी स्वल्पविराम विसरू नका, नुसती स्ट्रिंग दिलीत तर टाइपएरर येतो. जुन्या आवृत्त्यांसाठी पांडास या डेटा हाताळणाऱ्या पायथन पॅकेजसारखं करा: स्वतःच्या फोल्डरबाहेर पडेपर्यंत फ्रेम मोजणारं छोटं फंक्शन लिहा आणि तो आकडा स्टॅकलेव्हलला द्या.

मजकूरही सुधारा. ‘हे फंक्शन जुनं झालंय’ वाचून माणूस करणार काय? ‘पेटी_भाव(५) ऐवजी डझन_भाव(डझन=५) लिहा’ असं सरळ सांगा. ओळ सापडली आणि बदल समजला, की काम दोन मिनिटांचं.

शेवटी टेस्ट. वॉर्निंग आली एवढंच तपासू नका; पकडलेल्या वॉर्निंगचं ‘फाइलनेम’ टेस्टच्याच फाइलचं आहे ना ते पाहा. ‘पेटी_भाव’ थेट बोलावून एकदा आणि ‘हंगाम_अहवाल’मार्फत एकदा, दोन्ही लिहा.