रेशीच्या कॅप्सूल केमोथेरपीबरोबर घ्याव्यात का?

प्रश्न : माझ्या आईची (वय ६२) जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असून आता केमोथेरपी सुरू आहे. एका नातेवाइकांनी रेशी मशरूमच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत. ‘जपानमध्ये कर्करोगावर मशरूमचेच औषध देतात’, असे ते सांगतात आणि आईचाही त्यावर विश्वास बसला आहे. त्या सुरू कराव्यात का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपले नातेवाईक अगदीच खोटे सांगत नाहीत, जपानमध्ये मशरूमपासूनचे औषध दिले जात असे; मात्र ते ज्या औषधाविषयी ऐकून आहेत, ते आपल्या घरातील बाटलीत नाही. ते औषध म्हणजे शिताके या अळंबीतून संशोधक गोरो चिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकियोत वेगळे केलेले लेंटिनान. ते बीटा-ग्लुकान, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी आहे. आपल्या शरीरात अशी साखळी तयार होत नाही, त्यामुळे रोगप्रतिकारक पेशी तिला बुरशीची खूण म्हणून ओळखतात आणि सक्रिय होतात. जपानने १९८५ मध्ये, शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या किंवा उलटलेल्या जठराच्या कर्करोगासाठी, टेगाफूर या केमोथेरपीच्या औषधाच्या जोडीने त्याला मान्यता दिली. ते शिरेतून द्यावे लागे, कारण एवढा मोठा रेणू तोंडाने घेतल्यास फारसा शोषला जात नाही.

रेशी ही वेगळी अळंबी आहे. तिच्यावरील चाचण्यांचा आढावा कोक्रेन या संस्थेने घेतला, तेव्हा केमोथेरपीच्या जोडीने थोडा लाभ दिसला, पण मुख्य उपचार म्हणून रेशी वापरण्याइतका पुरावा मिळाला नाही.

बाटलीवरचे लेबल नीट वाचावे. ‘पॉलिसॅकराइड’ (साखरेच्या रेणूंची कोणतीही लांब साखळी) अमुक टक्के, एवढ्याने काही कळत नाही. धान्यावर वाढवलेल्या बुरशीच्या भुकटीत धान्याचा स्टार्चही असतो आणि तोही पॉलिसॅकराइडच. बीटा-ग्लुकानचे प्रमाण स्वतंत्र दिलेले नसेल, तर आपण कशाचे पैसे मोजतो आहोत हे सांगता येत नाही.

मला खरी काळजी वाटते ती रक्ताची. केमोथेरपीने प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, कमी होऊ शकतात आणि रेशीमुळे रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा येण्याची शक्यता आहे. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर धोका अधिकच. रेशीची भुकटी घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून कॅप्सूल आज सुरू करू नयेत. केमोथेरपीच्या पुढील फेरीच्या वेळी बाटली, ताजा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) व यकृताच्या तपासणीचा रिपोर्ट कर्करोगतज्ज्ञांना दाखवावा आणि आईसमोरच विचारावे, म्हणजे आपण नातेवाइकांचे ऐकले नाही, असे आईला वाटणार नाही.

जेवणात मात्र अळंबी जरूर द्यावी. बटण किंवा धिंगरी अळंबी स्वच्छ धुऊन, पूर्ण शिजवूनच द्यावी. शिताके तर कधीही कच्ची खाऊ नये. काहींच्या अंगावर त्याने चाबकाचे वळ उठावेत तसे लाल पट्टे उमटतात आणि ते जाण्यास बरेच दिवस लागतात.