मुलीच्या कण्याला एका बाजूला २२ अंशांचा बाक (स्कोलिओसिस) आहे, व्यायामानं सरळ होईल का?

मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. मुलगी १३ वर्षांची, पाळी येऊन जेमतेम वर्ष झालंय आणि दर आठवड्याला साताऱ्याहून सांगलीला यावं लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी सांगते, "सरळ करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. बाक वाढू नये यासाठी व्यायाम. थोडा उतरला तर चांगलंच, पण २२ चा शून्य होत नाही. तो वाढेल का, हे मुख्यतः हाडांची वाढ किती शिल्लक आहे यावर ठरतं. डॉक्टरांना "रिसर किती?" एवढं विचारा. कमरेच्या हाडावरून वाढीचा हा टप्पा ० ते ५ असा मोजतात. ० ते २ असेल तर जपायचा काळ हाच.

व्यायामाची श्रॉथ पद्धत जर्मनीतली, १९२० च्या दशकातली. आमच्याकडे मुलीला आरशासमोर बसवतो. समजा उजव्या बरगड्या मागे फुगल्यात आणि डावीकडं खड्डा आहे. त्या खड्ड्यावर आईनं तळहात ठेवायचा. मुलीला म्हणायचं, "इथं श्वास भर, आईचा हात ढकल." सुरुवातीला नुसते खांदेच वर जातात! मग कधीतरी हाताखाली बरगडी हलते, आईचा चेहराच सांगतो. तो आकार धरून सावकाश श्वास सोडायचा. उताणं झोपून करताना फुगवट्याखाली तांदळाची छोटी पिशवी. हे सगळं तिच्या बाकाप्रमाणे बसवलेलं असतं, म्हणून यूट्यूबवरून उचलू नका. दुसऱ्या बाजूच्या बाकाचा व्यायाम उलटा पडेल.

पोहणं, बारला लटकणं आवडत असेल तर खुशाल करू दे, पण तो उपचार नव्हे. आणि "वाकून बसतेस, दप्तर जड म्हणून झालं" असं घरात कोणी म्हणत असेल तर थांबवा. त्यानं हा बाक येत नाही.

दर चार-सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नका. मोजण्यातच पाचेक अंशांचा फरक पडू शकतो, त्यामुळे २२ चे २५ दिसले म्हणून घाबरू नका. पण बाक खरोखर २५ च्या पुढं गेला आणि वाढ बाकी असली, तर डॉक्टर ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक आधार, सुचवतील. तेव्हा "व्यायाम चालू आहे की" म्हणून टाळू नका. ब्रेसचा पुरावा जास्त भक्कम आहे: २०१३ च्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात ब्रेस घातलेल्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, न घातलेल्यांत ४८ टक्के. ब्रेससोबतही व्यायाम चालूच ठेवायचे.

दर आठवड्याला यायची गरज नाही. सुरुवातीला शिकेपर्यंत थोड्या फेऱ्या, पुढं घरी रोज अर्धा तास. आधी साताऱ्यातच श्रॉथ शिकलेलं कोणी मिळतंय का बघा, एसटीचे हेलपाटे वाचतील.