चूक मुलाला साहित्यानेच दाखवावी

बालवाडीतल्या हाताळायच्या साहित्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे, कारण तिथे सांगितलेलं तत्त्व पुढच्या उत्तरांनाही लागू पडतं.

गावातल्या सुताराकडून संख्यापट्ट्या करून घेतल्या. ९ च्या पट्टीला १ ची जोडून १० च्या शेजारी ठेवली की टोकं जुळत नाहीत, दोन-तीन मिलिमीटर कमी पडतात. एवढ्याने काही बिघडतं का? (बालवाडी शिक्षिका, संगमेश्वर)

बिघडतं, आणि बरंच बिघडतं. संख्यापट्ट्या म्हणजे १० सेंटिमीटरपासून (१ ची) १ मीटरपर्यंत (१० ची) लांबीच्या १० लाकडी पट्ट्या, आणि त्यांचं सगळं काम टोकांवरच चालतं. मूल ८ आणि २ जोडतं, १० च्या बाजूला ठेवतं, टोकावरून बोट फिरवतं. पट्टी चुकीची निवडली असेल तर १० सेंटिमीटरची पायरी लागते आणि बाईंनी काही न सांगता मुलाला स्वतःची चूक कळते. बरोबर निवडूनही पायरी लागत असेल, तर मूल आपल्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून बाईंच्या चेहऱ्याकडे बघायला लागतं. मग त्या पट्ट्या असल्या काय आणि नसल्या काय!

चूक बहुधा कापताना झाली आहे. सुताराने बरोबर १ मीटरचा तुकडा घेऊन त्यातून ९० आणि १० सेंटिमीटरचे तुकडे कापले असणार. करवतीचं पातं २-३ मिलिमीटर लाकूड खातं, तेवढी जोडी आखूड होते. १० पट्ट्यांना मिळून साडेपाच मीटर लाकूड लागतं. १ इंच चौकोनी, नीट रंधलेल्या ७ फुटी पट्ट्या ३ घ्या. पहिलीतून १००, ९० आणि १०. दुसरीतून ८०, ७०, ३० आणि २०. तिसरीतून ६०, ५० आणि ४०. पहिल्या दोन पट्ट्यांत प्रत्येकी १३ सेंटिमीटर शिल्लक राहतं, त्यात करवतीची खाच आणि खराब टोकं सहज निघतात. प्रत्येक तुकडा मिलिमीटरभर लांब कापून घ्या, मग घासून मापात आणा. सध्याच्या पट्ट्या टाकून द्यायची गरज नाही. लांब पट्ट्या बहुतेक वेळा बरोबर असतात. कुठली आखूड आहे ते पोलादी मोजपट्टीने पाहा आणि तेवढीच नवी करा.

रंग देताना दर १० सेंटिमीटरला लाल, निळा, लाल, निळा असा क्रम ठेवायचा आणि प्रत्येक पट्टीची सुरुवात लालने करायची. खुणा करताना १० सेंटिमीटरचा एकच तुकडा सरकवत पुढे जाऊ नका, दर वेळची अर्ध्या मिलिमीटरची चूक शेवटी ५ मिलिमीटरची होते. मोजपट्टी शून्यावर ठेवून सगळ्या खुणा एका दमात करा. पट्टीच्या दोन्ही टोकांना रंगाचा एकच पातळ हात द्या, तिथे दाट रंगाचे थर बसले की माप पुन्हा बदलतं. १० च्या जोड्या लावताना ५ ला जोडीदार नसतो. तिला तिथेच एकदा पालथी करून आणखी ५ दाखवायचे.

त्यानंतरच्या काड्यांच्या खोक्यातही हेच तत्त्व आहे. ० ते ९ असे १० कप्पे, प्रत्येकात त्या अंकाइतक्या काड्या, म्हणजे बरोबर ४५ काड्या. शेवटी काडी उरली किंवा कमी पडली तर मूल आपणहून पुन्हा मोजतं. पुष्कळ ठिकाणी ‘असू द्यात जास्तीच्या’ म्हणून ५०-६० काड्या भरलेल्या दिसतात. त्या खोक्याला मग चूक दाखवता येत नाही. रोज बालवाडी बंद करताना काड्या मोजून ठेवा.

बोट फिरवून गिरवायची पॉलिश पेपरची (घासायच्या खरखरीत कागदाची) अक्षरं केली, पण महिन्याभरात कडा सुटल्या. मुलं बोट फिरवायलाही कंटाळतात. कुठला कागद घ्यावा? (बालवाडी चालक, बार्शी)

कंटाळ्याचं कारण बहुतेक कागदातच असेल. ८० नंबरचा कागद बोटाला ओरखडतो, म्हणून मुलं बोट उचलून घेतात. २२० नंबरचा इतका मऊ की बोट अक्षरावर आहे की पुठ्ठ्यावर, हेच उमगत नाही. १२० नंबरचा घ्या. पाटी गुळगुळीतच हवी. ३ मिलिमीटरच्या हार्डबोर्डचा १२ बाय १५ सेंटिमीटरचा तुकडा रंग देऊन वापरा. खरखरीत आणि गुळगुळीत यांतला फरक जितका स्पष्ट, तितकं बोट रस्ता सोडून गेल्याचं मुलाला चटकन कळतं.

अक्षर ९-१० सेंटिमीटर उंच आणि रेघ ८ ते १० मिलिमीटर रुंद ठेवा. त्याहून लहान केलं तर ळ आणि ठ यांची पोटं बुजतात. छापील टंकांत जाड-बारीक रेघा असतात, त्या बोटाला गोंधळात टाकतात, त्यामुळे एकसारख्या जाडीचं अक्षर हातानेच काढा. ल आणि श मराठी वळणाचे, म्हणजे २००९ च्या शासन निर्णयात दिले आहेत तसे घ्या. संगणकावर अनेकदा हिंदी वळणाचे येतात. अक्षर कागदाच्या मागच्या बाजूला उलटं काढून कटरने कापायचं. पुढून कात्री चालवली तर धार जाते आणि कडा फाटते.

कडा सुटतात त्या डिंक कडेपर्यंत न पोहोचल्यामुळे. फेविकॉल पातळ लावा, ब्रशने अगदी कडेपर्यंत न्या आणि रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवा. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने लगेच पुसा. तो खरखरीत भागावर सुकला तर तेवढी जागा गुळगुळीत होते आणि मुलाला वाटतं अक्षर तिथे संपलं. शिरोरेघेची पट्टी वेगळी कापून चिकटवा. बोटही तिच्यावरून सगळ्यात शेवटी फिरवायचं.

‘गमभन’चा क्रम आपल्याकडे रुळलेला आहे आणि वळणाच्या दृष्टीने चांगलाही आहे. फक्त म आणि भ एकाच दिवशी देऊ नका. त्यांच्यातला फरक डोक्यावरच्या एका वळणाचा, तो नव्या मुलाला दिसत नाही. ग आणि न आधी, म त्यानंतर, आणि म पक्का झाल्यावर भ. घ-ध आणि ब-व या जोड्यांनाही हेच लागू. बोट फिरवण्याआधी मुलाने कोमट पाण्याने हात धुऊन कोरडे करावेत, बोटं जास्त हळवी होतात. तर्जनी आणि मधलं बोट एकत्र, दुसऱ्या हाताने पाटी धरलेली, आणि तोंडाने ‘ग’ म्हणणं, ‘ग गणपतीचा’ नव्हे.

मोजण्यासाठी चिंचोके, गुंजा, वाटाणे, बाटल्यांची झाकणं वापरतो. धाकटी भावंडंही सोबत येऊन बसतात. काही धोका आहे का? (अंगणवाडी सेविका, जव्हार)

ताई, गुंजा आजच काढून टाका. गुंजेचं बी चावलं किंवा ओवण्यासाठी त्याला भोक पाडलं की आतलं विष बाहेर येतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. एरंडीच्या बियाही नकोत. वाटाणे आणि हरभरे दिसायला निरुपद्रवी, पण नाकात गेले तर ओलाव्याने फुगतात आणि अडकून बसतात. तसं झालं तर चिमट्याने काढायला जाऊ नका, ते आणखी आत सरकतं. थेट दवाखान्यात न्या. सुटी लोहचुंबकं आणि घड्याळाचे चपटे सेल वर्गात आणूच नका.

बाकी वस्तूंसाठी एक साधी चाचणी आहे. ११ सेंटिमीटर लांब, साडेपाच सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्याची पट्टी घ्या. १ सेंटिमीटर टोकावर टोक चढवून नळी चिकटवा. तिचा व्यास साधारण ३.२ सेंटिमीटर होतो. जी वस्तू या नळीत पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. चिंचोके, सागरगोटे आणि पाण्याच्या बाटलीची झाकणं तिन्ही मावतात. ती मोठ्या मुलांनाच, तुमच्यासमोर, मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची. धाकट्यांना मोठ्या बरण्यांची झाकणं, करवंट्या आणि मुठीएवढे नदीतले गोटे द्या.

परिसरातलं साहित्य वापरताय हे फार चांगलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, तुमच्या जवळच्याच डहाणू भागात, महागड्या लाकडी साहित्याऐवजी बिया, शिंपले आणि दगड वापरून बालवाडी उभी केली. नीट निवडलेला चिंचोका दुकानातल्या मण्याइतकाच उपयोगी आहे. फुटके, किडके तेवढे वेचून टाका.

मुलगी साडेतीन वर्षांची. बालवाडीत नुसतं ओतणं, ओवणं चालतं, वहीत काहीच नसतं. घरी लिहायला बसवू का? (पालक, ठाणे)

नका बसवू. मनगटात ८ लहान हाडं असतात. तिसऱ्या वर्षी त्यांतली साधारण तीन-चारच एक्स-रेमध्ये दिसतात, बाकीची अजून मऊ कूर्चा असते. अशा हाताने पेन्सिल धरायची तर मूल ती मुठीत आवळतं, आणि ती पकड पुढे सोडवणं कठीण जातं. घरी तिला लिंबं पिळू द्या, मटार सोलू द्या, दोन लहान तांब्यांतून पाणी ओतू द्या. तांब्या अर्धाच भरा आणि शेजारी फडकं ठेवा. सांडलेलं पाणी तिला दिसतं, ते तिनेच पुसायचं.

पावसाळ्यात मीठ-मैद्याचा गोळा चिकट होतो आणि त्याला बुरशी धरते. (बालवाडी शिक्षिका, सावंतवाडी)

मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून कोकणात जूनपासून तो गोळा टिकत नाही. करायचाच तर २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, २ चमचे तेल, १ चमचा तुरटीची पूड आणि लागेल तसं पाणी, साधारण पाऊण वाटी. आठवड्याने टाकून द्या. पण पावसाळ्यात आम्ही चिकणमातीच सुचवू. सुकी माती कुटून चाळा, बादलीत रात्रभर भिजवा, वरचं पाणी काढा आणि गोणपाटावर पसरून हाताला चिकटेनाशी होईपर्यंत सुकू द्या. मग मळून नारळाएवढे गोळे करा. ठेवताना प्रत्येक गोळ्यात अंगठ्याने खळगा करून त्यात पाणी भरा, वर ओलं फडकं घाला आणि झाकणाच्या बादलीत ठेवा. पुढच्या वेळी गोळा मऊ मिळतो. फार ओला झाला तर पुन्हा गोणपाटावर तासभर पसरा, कोरडी माती मिसळू नका, गुठळ्या राहतात.