बिले, कोटेशन, बातमीपत्रे स्पॅममध्ये का जातात?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांतले बरेच एकाच दुखण्याचे होते : मेल खरा, पाठवणारा खरा, तरी तो स्पॅममध्ये पडतो. त्यांतले चार निवडले आहेत.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेत १८० सभासद आहेत. मेंटेनन्सची बिले हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून मेलने जातात. पाठवणाऱ्याच्या जागी संस्थेचा जीमेलचा पत्ता घातला आहे. बऱ्याच सभासदांकडे बिल स्पॅममध्ये जाते आणि मग उशिराच्या व्याजावरून सभेत वाद होतो. विषयातून 'तातडीचे' हा शब्द काढला, तरी फरक नाही. — सचिव, ठाणे

शब्द काढून फरक पडणार नाही, कारण दोष शब्दांत नाही. मेल आला की घेणारा सर्व्हर आधी पाठवणाऱ्याची ओळख तपासतो : ज्या डोमेनचा (पत्त्यातल्या '@' नंतरच्या भागाचा) पत्ता लावला आहे, त्या डोमेनने या सर्व्हरला मेल पाठवायची परवानगी दिली आहे का? तुमच्या बिलावर पत्ता जीमेलचा, पण ते निघते सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवरून. तोतयाचा मेलही नेमका असाच दिसतो. जीमेलचा पत्ता लावून बाहेरच्या सर्व्हरवरून मेल पाठवू नका, असे गूगलच्या २०२४ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे.

उपाय दोन आहेत. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये 'फ्रॉम'ला कंपनीचाच पत्ता राहू द्या, दिसणारे नाव संस्थेचे ठेवा आणि 'रिप्लाय-टू'मध्ये संस्थेचा जीमेल घाला. सभासदाचे उत्तर तुमच्याकडेच येईल. किंवा सॉफ्टवेअरमध्ये एसएमटीपीची (दुसऱ्या मेल सर्व्हरमधून मेल पाठवण्याची) सोय असेल, तर तिथे जीमेलचा सर्व्हर द्या. त्यासाठी खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून वेगळा 'ॲप पासवर्ड' काढावा लागतो. रोजचा पासवर्ड चालत नाही. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंत मेल जातो, म्हणजे तुम्हाला तो पुरेसा आहे.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपचे स्वतःचे डोमेन आहे. तरी गिऱ्हाइकांना पाठवलेली कोटेशन स्पॅममध्ये जातात. वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्मचे मेल तर आमच्याच इनबॉक्समध्ये येत नाहीत. वेबसाइटवाला म्हणतो, 'एसपीएफ टाकलंय.' — लघुउद्योजक, सांगली

एसपीएफ टाकले म्हणजे ते लागू झाले, असे नाही. आधी स्वतः बघा. तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावरून एखाद्या जीमेल खात्यावर मेल पाठवा, तो कॉम्प्युटरवर उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर जाऊन 'शो ओरिजिनल' दाबा. वरच्या चौकटीत एसपीएफ (परवानगी असलेल्या सर्व्हरची यादी), डीकेआयएम (मेलवरची सही) आणि डीमार्क (या दोन्हींपैकी एक तरी तुमच्या डोमेनशी जुळते का, आणि नसेल तर मेलचे काय करायचे, ते ठरवणारी नोंद) या ओळी असतात. तिन्हींपुढे 'पास' हवे. एखादी ओळच दिसत नसेल, तर ती नोंद केलेली नाही किंवा सुरू केलेली नाही. डीकेआयएमपुढे डोमेन कोणाचे आहे तेही वाचा. तिथे तुमच्याऐवजी होस्टिंग कंपनीचे नाव असेल, तर 'पास' असूनही डीमार्कच्या हिशेबात ती सही तुमची धरली जात नाही.

एसपीएफ ही डोमेनच्या डीएनएसमधली (डोमेनची माहिती इंटरनेटवर सगळ्यांना देणाऱ्या नोंदवहीतली) एक टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद. आमच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्यांची यादी तिच्यात असते. इथे सगळ्यांत जास्त आढळणारी चूक म्हणजे दोन नोंदी. होस्टिंग घेताना एक पडते, पुढे मेल गूगल वर्कस्पेसवर नेताना दुसरी टाकली जाते आणि पहिली काढायची राहते. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन दिसल्या की घेणारा सर्व्हर दोन्ही बाद ठरवतो. दोन्हींमधले 'इन्क्लूड' (दुसऱ्या सेवेचे सर्व्हर यादीत जोडणारे भाग) एकाच ओळीत आणा आणि दुसरी नोंद पुसा. ओळ वाढवतानाही बेताने : ती तपासताना डीएनएसकडे १० पेक्षा जास्त विचारणा कराव्या लागल्या, तर तपासणी तिथेच फसते. कधीकाळी वापरलेल्या सेवांचे 'इन्क्लूड' म्हणूनच काढून टाकावेत.

डीकेआयएम ही प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. तिची किल्ली मेल सेवेच्या ॲडमिन पानावर तयार करायची, २०४८ बिटची घ्यायची, डीएनएसमध्ये चिकटवायची आणि परत ॲडमिन पानावर येऊन सही सुरू करायची. हा शेवटचा टप्पा हमखास राहतो. किल्लीची ओळ लांब असते. टीएक्सटी नोंदीचा एक तुकडा २५५ अक्षरांपुढे जात नाही, त्यामुळे काही पॅनेलवर ती अर्धीच जतन होते. शेवटची अक्षरे जुळवून पाहा. डीमार्क सुरुवातीला 'नन' (तपासणीत फसलेला मेलही अडवू नका) या धोरणावर ठेवा आणि अहवालासाठी एक पत्ता द्या. तुमच्या नावाने कुठून कुठून मेल जातात, ते काही आठवड्यांत कळेल. खरे सगळे 'पास' व्हायला लागले, की 'क्वारंटाइन'वर (फसलेला मेल स्पॅममध्ये टाका) जा. त्याआधी घाई केली, तर तुमचीच विसरलेली एखादी बिलिंग सेवा अडकेल.

आता फॉर्म. बहुतेक फॉर्म चौकशी करणाऱ्याचा पत्ता 'फ्रॉम'मध्ये भरतात. म्हणजे तुमची वेबसाइट त्याच्या नावाने मेल पाठवते, जे वरच्या ठाण्याच्या प्रश्नातलेच दुखणे आहे. 'फ्रॉम'मध्ये तुमच्या डोमेनचा पत्ता ठेवा, गिऱ्हाइकाचा 'रिप्लाय-टू'मध्ये. आणि फॉर्मचा मेल वेबसाइटच्या सर्व्हरवरून थेट न पाठवता एसएमटीपीने, लॉगिन करून, तुमच्या मेल सेवेतूनच पाठवायला सांगा. हे काम तासाभराचे आहे. वेबसाइटवाल्याकडून ते करून घ्याच, कारण इथे हरवणारी प्रत्येक चौकशी म्हणजे एक गिऱ्हाईक आहे.

प्रश्न : परदेशातल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाचे बातमीपत्र सात-आठ हजार पत्त्यांवर जाते. ओळखीच्या तिन्ही नोंदी बरोबर आहेत, तरी अलीकडे ते स्पॅममध्ये जाते. — कार्यकारिणी सदस्य

मग प्रश्न यादीचा आहे. एका दिवसात जीमेलच्या ५,००० च्या आसपास पत्त्यांवर मेल गेला, की गूगल तुम्हाला मोठा पाठवणारा मानते, आणि एकदा मानले की कायमचे. २०२४ पासून अशांना एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय देणे आणि विनंती आल्यावर दोन दिवसांत नाव काढणे बंधनकारक आहे. तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवे, शक्यतो ०.१ च्या. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन माणसे! दहा वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवाच्या नोंदवहीतून उचललेले पत्ते ही मर्यादा सहज ओलांडायला लावतात. परत आलेले पत्ते लगेच काढा. वर्षभर ज्यांनी काहीच उघडले नाही त्यांना एकदा विचारा. उत्तर नाही आले तर त्यांचीही नावे कमी करा. 'नाव काढा' हा दुवा ठळक ठेवा. तो सापडला नाही की माणूस 'स्पॅम' दाबतो आणि त्याची झळ बाकीच्या वाचकांना बसते. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये तुमच्या डोमेनचा तक्रारींचा आकडा दिसतो. दर अंकानंतर तो पाहा.

प्रश्न : मुलीच्या परदेशी विद्यापीठाचा मेल स्पॅममध्ये सापडला. पुढचे चुकू नयेत म्हणून काय करावे? — पालक, नाशिक

त्या मेलवर 'नॉट स्पॅम' दाबा. मग कॉम्प्युटरच्या ब्राउझरवर जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर करा (फोनच्या ॲपमध्ये ही सोय नाही) : पाठवणाऱ्याच्या रकान्यात विद्यापीठाचे पूर्ण डोमेन, पुढच्या पानावर 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'वर खूण. डोमेन विद्यापीठाच्या अधिकृत वेबसाइटवरून पडताळून घ्या. एका अक्षराच्या फरकाने फी मागणारे मेलही येतात. प्रवेश पूर्ण होईपर्यंत आठवड्यातून एकदा स्पॅम चाळायला मुलीला सांगा, कारण ३० दिवसांनी तिथले मेल आपोआप पुसले जातात.