टीडीएस कापलाय ना, मग माझं काय राहिलं?

करसल्लागाराच्या खुर्चीत बसून इतकी वर्षं झाली, पण नोकरी सांभाळून बाहेरची कामं करणाऱ्यांचे दोनच प्रश्न असतात. ‘टीडीएस कापलाय, म्हणजे टॅक्स भरला ना?’ आणि आवाज खाली आणून, ‘ऑफिसला कळेल का?’ (टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्याने देतानाच कापून सरकारकडे भरलेला कर.)

गेल्या नोव्हेंबरात आली ती मुलगी हे दोन्ही घेऊनच आली. हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी, पगार वर्षाला १४ लाख. रात्री आणि शनिवार-रविवार वेबसाइट बनवून देते. सोबत वडील, निवृत्त सरकारी कर्मचारी, मांडीवर प्लास्टिकची फाइल. सप्टेंबरात तिने फॉर्म १६ (कंपनीने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) बघून स्वतःच आयटीआर-१, म्हणजे पगारदारांचं साधं रिटर्न, भरलं होतं. मग मैत्रिणीच्या सांगण्यावरून आयकराच्या पोर्टलवर एआयएस (आपल्या नावावर नोंदलेल्या उत्पन्नाचा आणि कापलेल्या कराचा तपशील) उघडलं, तर पगाराच्या खाली ‘१९४जे’च्या, म्हणजे व्यावसायिक कामाच्या पैशांवरच्या टीडीएसच्या, दोन नोंदी. त्या रात्री झोप लागली नाही म्हणाली.

“मॅडम, नोटीस येईल का हो हिला?” वडिलांनी बसायच्या आधीच विचारलं.

“काका, आधी हिशेब तर करू.”

२०२४-२५ सालात दोन कंपन्यांनी तिला मिळून २,४०,००० दिले होते, त्यातून १० टक्के म्हणजे २४,००० कापून. ते एआयएसमध्ये होतं. पण मी तिला बँकेचं स्टेटमेंट आणि जीपे उघडायला लावलं. यात लोकांना सगळ्यात जास्त कंटाळा येतो आणि खरं काम इथेच असतं. अर्धा तास ती स्क्रोल करत होती, मी पेन्सिलने लिहीत होते. १८,००० कुणाच्या लग्नाच्या वेबसाइटचे. ९,५०० रूममेटने परत केलेलं भाडं, ते उत्पन्न नाही, खोडलं. २२,००० एका डेंटिस्टचे. असं करत १,२०,००० निघाले, ज्यांवर कुणी एक रुपया कापला नव्हता. तिच्या लेखी ही ‘किरकोळ’ कामं होती. एकूण ३,६०,०००.

वडिलांनी मनातल्या मनात ३० टक्के लावले असावेत, चेहरा उतरला.

इथे कलम ४४एडीए कामी आलं. माहिती तंत्रज्ञान त्या कलमाच्या व्यवसायांच्या यादीत आहे, त्यामुळे तिला एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. खर्चाच्या पावत्या जपायला नकोत, पण लॅपटॉपचा खर्च मग वेगळा मागायचा नाही. (भाषांतर, लेखन करणाऱ्यांनी हे वाचून लगेच खूश होऊ नये. यादीत त्यांचं नाव नाही, त्यांनी आधी विचारून घ्यावं.)

म्हणजे उत्पन्न वाढलं १,८०,०००ने. नव्या करप्रणालीत तिच्या पगारावरचा कर सेससह १,०९,२०० होता, तो कंपनीने कापलाच होता. नवा आकडा १,४७,१६०. फरक ३७,९६०, त्यातून टीडीएसचे २४,००० वजा. राहिले १३,९६०.

“एवढेच?” ती म्हणाली.

एवढेच, पण आले कुठून ते बघ म्हटलं. क्लायंट कापतो एकूण रकमेवर १० टक्के, तुझा कर लागतो निम्म्या रकमेवर साधारण २० टक्के, म्हणजे जवळजवळ बरोबरी. कंपन्यांच्या कामापोटी फारसं देणं उरलंच नव्हतं. राहिलं ते त्या ‘किरकोळ’ कामांचं. पगार याहून मोठा असता आणि ३० टक्क्यांत बसली असतीस, तर ही बरोबरी फिसकटली असती.

बाकी कर १०,०००च्या वर गेला म्हणून अॅडव्हान्स टॅक्स (वर्ष संपायच्या आधीच भरायचा कर) न भरल्याचं व्याज आलं, साडेबाराशेच्या आसपास. ४४एडीएवाल्यांना चार हप्ते नसतात, १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा असतो. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित रिटर्नची मुभा होती. आधी चलन भरलं, मग त्याच संध्याकाळी आयटीआर-१च्या जागी आयटीआर-४, म्हणजे ४४एडीएसारख्या उत्पन्नाचं रिटर्न, गेलं.

राहिला ऑफिसचा प्रश्न. तुमचं रिटर्न किंवा एआयएस कंपनीला दिसत नाही. बाहेरचं उत्पन्न कंपनीला कळवून पगारातूनच जास्त कर कापून घ्यायची सोय आहे, पण ती सक्तीची नाही. मात्र नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाला मनाई असेल, तर तो आयकराचा विषयच नाही आणि माझ्याकडे त्यावर औषध नाही. पत्र वाच, एवढंच सांगितलं. तिने ते चार वर्षांत उघडलेलं नव्हतं. जीएसटीचंही विचारलं. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाख, आणि पगार त्यात धरत नाहीत.

जाताना बाहेरच्या कामाचे पैसे वेगळ्या खात्यात घ्यायला सांगितले. वडिलांनी फाइलच्या आतल्या बाजूला ‘१५ मार्च’ लिहून त्याला चौकट केली.

या मार्चच्या १२ तारखेला तिचा मेसेज आला. पोर्टलवर चलनाचे प्रकार समोर होते. “मॅडम, १०० का ३००? मागच्या वेळी ३०० केलं होतं.”

“ते उरलेल्या कराचं. अॅडव्हान्सला १००.”

पाच मिनिटांत चलनाचा स्क्रीनशॉट आला. खाली, “बाबा विचारतायत, पावतीची प्रिंट काढू का?”